खास रांगेचा काटा

जावयाचं काम बाटल्यांना झाकणं बसवणाऱ्या यंत्रांच्या दुरुस्तीचं. लांबच्या कुठल्या तरी कारखान्यात यंत्र अडकलं, की बिनझाकणाच्या बाटल्या पट्ट्यावरून सुसाट सुटायच्या, तिथला मॅनेजर फोनवर रडकुंडीला यायचा आणि कंपनी याला मिळेल त्या विमानात कोंबून पाठवून द्यायची. सहा वर्षं हेच चाललं होतं. जागा मिळायची ती शेवटच्या रांगेत, दोघांच्या मध्ये, आणि खायला थंडगार पाव. पण पहिल्या काही महिन्यांतच फेऱ्या इतक्या झाल्या की विमान कंपनीनं त्याला 'नीलमणी सभासद' करून टाकलं. घरी एक निळं धातूचं कार्ड आलं. त्याच्या जिवावर विमानतळावर खास रांगेत उभं राहता यायचं, एकाऐवजी दोन बॅगा नेता यायच्या, आणि पाव मात्र तोच.

मग यंदा एक जाडजूड निळा लिफाफा आला. नीलमणी सभासदांसाठी शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलात मेजवानी. सोबत एका व्यक्तीला आणता येईल.

बायको इस्पितळात परिचारिका. नेमकी त्याच संध्याकाळी तिची पाळी.

"आईला घेऊन जा," ती म्हणाली.

"आईंना?"

"का? माझी आई काय चावते?"

चावत नव्हत्या. पण सासूबाई चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या, आणि निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी त्यांचे डोळे अजून नोकरीतच होते. त्या दुकानात शिरल्या की दुकानदार बोलता बोलता तराजूवरचा अंगठा मागे घ्यायचा. त्यांच्या पर्समध्ये चष्म्याशेजारी एक भिंग, एक छोटी बॅटरी आणि मापाची फीत कायम असायची. घरात त्यांचा आणि जावयाचा एकच जुना वाद होता, तो त्याच्या हत्यारांच्या बॅगेचा. घरच्या काट्यावर ती बॅग एकवीस किलो आठशे भरायची आणि विमानतळावर तेवीस तीनशे. एका बॅगेला मुभा तेवीसची. दर वेळी त्याला काउंटरसमोर उकिडवं बसून मोठा पाना काढून दुसऱ्या बॅगेत घालावा लागायचा. शेवटी चिडून त्यानं घरचा काटा फेकून दिला आणि नवा आणला. नव्या काट्यावरही एकवीस आठशेच.

"घरचा काटा बरोबर आहे, जावईबापू," सासूबाई दर वेळी म्हणायच्या.

"म्हणजे एवढी मोठी विमान कंपनी चूक आणि आपलं स्वयंपाकघर बरोबर?"

"मी फक्त काट्याबद्दल बोलतेय."

मेजवानीला निघताना टॅक्सीत त्यानं त्यांच्याकडून कबूलच करून घेतलं.

"आई, आज काही मोजायचं नाही हं."

"मी कशाला मोजू? जेवायला तर चाललेय," सासूबाई म्हणाल्या आणि टॅक्सीच्या मीटरवरची नजर त्यांनी मोठ्या कष्टानं खिडकीकडे वळवली.

हॉटेलच्या दालनाला त्या संध्याकाळी विमानाचं सोंग दिलं होतं. आत शिरायला विमानाला लावतात तसला लांबट बोगदा. जेवणाची यादी बोर्डिंग पासवर छापलेली. मधोमध माणसाच्या उंचीचं बर्फाचं विमान, आणि त्याच्या पंखांखाली शेवंडांची, म्हणजे लॉबस्टरची, रास. नीलमण्यांमध्येही खालचे-वरचे होतेच. ज्यानं जास्त मैल कापले त्याचं टेबल मंचाच्या जवळ. जावयाचं टेबल तिसऱ्या रांगेत निघालं, तेव्हा त्याची छाती उगाचच फुगली. आयुष्यात पहिल्यांदाच तो शेवटच्या रांगेत नव्हता.

त्यांच्या टेबलावर एक रुबाबदार गृहस्थ होते. त्यांनी दहा लाख मैल पुरे केले होते आणि कोटावर तसा बिल्लाही लावला होता, म्हणून सगळे त्यांना दशलक्षी म्हणत. शेजारी एक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. विमानतळांविषयी दशलक्षी असे बोलत होते, जसं आपण नातेवाइकांविषयी बोलतो. हा जरा तिरसट, तो मनानं चांगला पण अस्वच्छ, तिसरा आता पूर्वीसारखा राहिला नाही.

"आणि बाई, तुमचा प्रवास किती झालाय?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"विमानानं? एकदाही नाही."

डॉक्टरीणबाईंचा चमचा बशीवर खणकन वाजला. दशलक्षी तर खुर्चीत मागे रेलून त्यांच्याकडे असे बघत राहिले, जशी एखादी नामशेष झालेली पक्षीण समोर येऊन बसावी.

"एकदाही नाही?" त्यांनी हळूच विचारलं. "मग तुम्ही लांब कशा जाता?"

"जातच नाही," सासूबाई प्रसन्नपणे म्हणाल्या.

सूप आलं. भल्यामोठ्या बशीच्या मधोमध एक इवलीशी खळगी, आणि तीत फेस.

"साठ मिली," सासूबाई पुटपुटल्या.

"आई!"

"मोजलं नाही हो. दिसलं."

त्यानंतर भाजलेलं बदक आलं, शेवंडं आली, मग एकामागून एक अशा वस्तू आल्या की ज्या खायच्या की नुसत्या बघायच्या हे दशलक्षींना विचारावं लागलं. जावयानं सगळ्याला न्याय दिला. मंचासमोरच्या टेबलावर विमान कंपनीचे अध्यक्ष बसले होते. अंगानं चांगले भरदार, पण त्यांच्यापुढे एकच बशी होती आणि तीत उकडलेल्या शेंगा. शेजारच्या बदकाकडे ते असे बघत होते की जावयाला त्यांची दया आली.

जेवण निम्म्यावर आलं तशी कंपनीची आतिथ्यप्रमुख मंचावर चढली. कडक इस्त्रीची उंच बाई. तिच्या चेहऱ्यावरचं हसू बहुधा सकाळीच बसवलेलं असावं.

"आता एक छोटासा खेळ! आपल्या विमानतळावर खास रांगेचा नवा काउंटर बसतोय. जुन्या काउंटरचा हा वजनकाटा आम्ही आठवण म्हणून इथे आणलाय. गेली सहा वर्षं तुम्हा सगळ्यांच्या बॅगा याच काट्यावर चढल्या!"

टाळ्या पडल्या. मंचाच्या पायथ्याशी, जाड गालिच्यावर काटा ठेवला होता आणि त्याच्यावर एक जुनी चामड्याची पेटी. काट्याच्या आकड्यांवर निळा रुमाल घातलेला. प्रत्येकानं पेटी उचलून बघायची, आपला अंदाज चिठ्ठीवर लिहायचा. ज्याचा अंदाज सगळ्यात जवळ, त्याला कंपनी जिथे जाते तिथली, कुठलीही, पुढच्या महागड्या वर्गाची दोन तिकिटं.

रांग लागली. जावयानं पेटी उचलली. सहा वर्षं हत्यारं वाहिलेला हात तो, क्षणाचाही विचार न करता त्यानं लिहिलं: साडेअठरा. त्याच्यामागून सासूबाई आल्या. त्यांनी पेटी डाव्या हातानं उचलली, खाली ठेवली, मग उजव्या हातानं उचलली आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मागचे लोक खाकरायला लागले, तेव्हा कुठे त्यांनी चिठ्ठी लिहिली.

रुमाल उडवला गेला. आकडे लुकलुकले: अठरा पूर्णांक पाच.

"आणि अगदी तंतोतंत अठरा पूर्णांक पाच लिहिणारे नीलमणी आहेत..." आतिथ्यप्रमुखेनं जावयाचं नाव पुकारलं.

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा पाय हवेत. तो मंचावर कसा चढला हे त्याला पुढे कधीच आठवलं नाही. अध्यक्षांनी हात हातात घेतला, दाराएवढं पुठ्ठ्याचं तिकीट त्याच्या कवेत दिलं गेलं, फोटोवाल्यानं "इकडे बघा" म्हटलं. पुढच्या वर्गात बसून गरम पाव खाणारी आपली बायको त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

"थांबा," खालून आवाज आला. "हा काटा चुकतोय."

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तरी सासूबाई काट्याजवळच उभ्या होत्या, पर्समधून भिंग काढत.

"आजी, हा नुसता खेळ आहे हो," आतिथ्यप्रमुख गोड आवाजात म्हणाली.

"खेळ असू दे की. काटा तर खराच आहे ना? ही पेटी साडेअठरा नाही. सतरा किलो तीनशे आहे. तेवढं माझ्या चिठ्ठीवर लिहिलंय."

"आई," जावई मंचावरून कळवळून म्हणाला, "मी जिंकलोय."

"तेच तर सांगतेय. तुम्ही सहा वर्षं याच काट्यासमोर बॅग उचलताय. तुमचा हातही बिघडलाय."

दालनात खसखस पिकली. जावयाला वाटलं, या पुठ्ठ्याच्या तिकिटामागे लपून बसावं. तेवढं मोठं तर ते होतंच.

"काटा गालिच्यावर ठेवलाय ना, म्हणून तसं झालं असेल," आतिथ्यप्रमुखेनं पटकन मुद्दा काढला. "वाकडा बसला असेल."

"शहाणी मुलगी," सासूबाई म्हणाल्या, आणि खरंच मनापासून म्हणाल्या. "वाकडा आहेच. पण वाकडा काटा कमी दाखवतो, जास्त नाही. चला, फरशीवर घेऊ. उगाच कुणावर अन्याय नको."

दोन वाढप्यांनी काटा उचलून संगमरवरी फरशीवर आणला. सासूबाईंनी त्याच्या कोपऱ्यातला पाण्याचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत पायांचे स्क्रू फिरवले, रिकाम्या काट्यावर शून्य येतंय हे चारचौघांना दाखवलं आणि पेटी परत चढवली. अठरा पूर्णांक पाच. मग त्या सरळ गुडघ्यांवर बसल्या आणि बॅटरीचा उजेड पाडून काट्याची मागची पट्टी वाचायला लागल्या.

"पडताळणीचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा. त्यानंतर याला कुणी हातही लावलेला नाही. दर वर्षी लागतो शिक्का."

अध्यक्षांनी आतिथ्यप्रमुखेकडे पाहिलं. तिचं सकाळी बसवलेलं हसू पहिल्यांदाच सुटलं.

"साहेब, खात्याचे लोक दर वर्षी येतात," ती बारीक आवाजात म्हणाली. "साध्या रांगांचे सगळे काटे तपासून जातात. पण खास रांग अर्धा तासही थांबवायची नाही असा हुकूम आहे."

"कुणाचा हुकूम?"

"तुमचाच, साहेब."

दशलक्षी उठून उभे राहिले.

"म्हणजे साध्या रांगेतल्या लोकांचं वजन बरोबर होत होतं, आणि आमचं तेवढं चुकीचं?"

"तसंच दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. "पण दिसण्यावर जायचं नाही. पुरावा हवा. इथे बेकरीचं काम कोण बघतं? त्याच्याकडे काटा असणार."

हॉटेलचा बेकर आला तो ढकलगाडी घेऊनच. डोक्यावर उंच पांढरी टोपी, हातांवर पीठ, गाडीवर त्याचा स्वतःचा काटा आणि साखरेचे वीस सीलबंद पुडे. त्यानं सासूबाईंना काही न विचारताच आपल्या काट्याचा शिक्का दाखवला. यंदाचा होता.

"चार ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर माझा केक बसतो, बाई," तो म्हणाला. "तीस किलोपर्यंत डोळे मिटून विश्वास ठेवा."

"डोळे मिटून नको," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज मऊ झाला होता. चौतीस वर्षांत एवढ्या आनंदानं काटा दाखवणारा माणूस त्यांना भेटलाच नव्हता.

त्यांनी एकेक पुडा बेकरच्या काट्यावर ठेवला. कागदासकट एक किलो आणि वर दोन ग्रॅम, सगळे सारखे. मग वीसच्या वीस पुडे खास रांगेच्या काट्यावर रचले. एकवीस पूर्णांक चार.

"दर किलोमागे सत्तर ग्रॅम," सासूबाईंनी जाहीर केलं. शेवटी चामड्याची पेटी बेकरच्या काट्यावर चढली. सतरा किलो दोनशे नव्वद ग्रॅम.

सगळं दालन टाळ्या वाजवत होतं आणि सासूबाई एकट्या हिरमुसल्या होत्या. "दहा ग्रॅमनं चुकले," त्या बेकरला म्हणाल्या. "हात सुटला हो माझा."

त्यानंतर मात्र मेजवानीची शिस्त पार कोलमडली. "माझे बूट!" दशलक्षी ओरडले. "याच काट्यापायी मी तीनदा बूट काउंटरवर सोडून गेलोय! नवे कोरे बूट!" डॉक्टरीणबाईंनी भर उन्हाळ्यात अंगावर तीन कोट घालून विमानात बसल्याची हकिगत सांगितली आणि सांगता सांगता त्यांना परत घाम फुटला. कुणी पुस्तकं टाकली होती, कुणी बायकोसाठी घेतलेलं चिनी मातीचं भांडं दुसऱ्याच्या गळ्यात मारलं होतं. दोनशे प्रतिष्ठित माणसं एकाच वेळी तक्रार सांगायला लागली, की कशी भाजी मंडईसारखी वाटतात, हे जावई मंचावरून पुठ्ठ्याचं तिकीट कवटाळून बघत होता. त्याला आपला मोठा पाना आठवला, ते उकिडवं बसणं आठवलं, आणि त्यानं मनात म्हटलं, घरचा नवा काटा उगाच विकत घेतला.

आरडाओरडा चालू असतानाच अध्यक्ष खाली उतरले. सगळे बाजूला झाले. आता हा माणूस काय बोलतो याकडे सगळ्यांचे कान. त्यांनी बूट काढले आणि स्वतः काट्यावर चढून उभे राहिले.

शहाण्णव.

"बाई," त्यांनी विचारलं, "खरे किती?"

सासूबाईंनी छताकडे बघून हिशेब केला. "एकोणनव्वद किलो सातशे."

"नक्की?"

"शंभर ग्रॅम इकडेतिकडे. तुम्ही पोटात घेतलेला श्वास सोडलात तरी फरक पडणार नाही."

अध्यक्षांनी श्वास सोडला. "माझ्या डॉक्टरनं मला नव्वदच्या आत राहायला सांगितलंय. घरात काटा ठेवला की मी रोज चढतो, म्हणून बायकोनं तो काढून टाकला. तेव्हापासून मी विमानतळावर जाता-येता गुपचूप याच काट्यावर वजन करतोय. आणि गेलं वर्षभर," त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बदकाकडे पाहिलं, "उकडलेल्या शेंगा खातोय."

ते काट्यावरून उतरले, बूट हातात घेऊन अनवाणीच आपल्या टेबलाकडे गेले आणि वाढप्याला म्हणाले, "बदक आण."

हशा असा उसळला की बर्फाच्या विमानाचं शेपूट गळून पडलं. मग काय, ज्याला त्याला चढून बघायचं होतं. सासूबाई काट्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या. एकेक नीलमणी बूट काढून चढत होता आणि त्या मनातल्या मनात सात टक्के काढून प्रत्येकाला खरं वजन कानात सांगत होत्या. ही बातमी खासगी असते, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या घरच्या काट्यावर रोज तेच वजन बघणारेसुद्धा इथून काहीतरी उतरवल्यासारखे हसत परत जात होते.

बदक संपल्यावर अध्यक्ष पुन्हा मंचावर गेले. खास रांगही यापुढे तपासणीसाठी थांबेल, ज्याला घाई असेल त्यानं साध्या रांगेत जावं, असं त्यांनी सांगून टाकलं. दशलक्षींच्या बुटांची भरपाई कबूल केली. आणि मग त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयानं कुणी न सांगताच पुठ्ठ्याचं तिकीट सासूबाईंकडे नेऊन दिलं. फोटोवाल्यानं पुन्हा "इकडे बघा" म्हटलं. त्या फोटोत सासूबाई तिकिटाची लांबी फितीनं मोजताहेत आणि जावई कसल्या तरी औषधाचा डोस घेतल्यासारखा हसतोय.

घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू जिंकलास आणि आईनं ते घालवलं?"

"घालवलं नाही," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "माझं मला मिळालं."

"ते ठीक. पण दुसरं तिकीट कुणाचं?"

नवरा-बायको दोघंही आपापल्या परीनं आस लावून बसले होते. बायकोनं आईला चहा करून दिला. जावयानं तर त्यांची जुनी बॅटरी उघडून तिची गंजलेली टोकं घासून दिली.

"पेटीवाल्याला नेणार आहे मी," सासूबाईंनी सांगून टाकलं.

पेटीवाला म्हणजे त्यांच्या कार्यालयातला शिपाई. तपासणीची पितळी वजनं ज्या लाकडी पेटीत ठेवत, ती पेटी घेऊन हा माणूस सव्वीस वर्षं त्यांच्यामागून फिरला होता. बाजारातून, गोदामांतून, चार चार मजले चढून. आता गुडघे गेले होते आणि तो दारात रोपं लावून विकत होता.

"डोक्यावरून विमान गेलं की हा पेटी खाली ठेवायचा आणि वर बघत बसायचा," सासूबाई म्हणाल्या. "मी दर वेळी ओरडायचे, चला, उशीर होतोय. सव्वीस वर्षं ओरडले मी त्याला."

मुलगी जरा घुटमळली. "आई, पण त्याच्या बायकोला काय वाटेल?"

"विचारलं तिला. ती म्हणाली, आठच दिवस कशाला, पंधरा दिवस न्या."



ते दोघं निघाले त्या दिवशी जावई घरी नव्हता. लांबच्या एका कारखान्यात यंत्र अडकलं होतं. तो यंत्राच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसला असताना खिशातला फोन वाजला.

"पोहोचलो," सासूबाई म्हणाल्या. मागे कुठेतरी समुद्राचा आवाज येत होता. "चार तास लागले."

"कसं वाटलं, आई?"

"मला झोप लागली. खुर्ची फार मऊ असते तिथे. तुम्ही ज्याच्याबद्दल सांगता तो पाव काही दिसला नाही, आम्हाला पाच पदार्थ होते. पण हा मात्र खिडकीला नाक लावून बसलेला. चार तासांत एक अक्षर नाही. मला वाटलं घाबरला. उतरताना त्या हवाईसुंदरीला थांबवून काय विचारतो, तर म्हणे, ताई, ड्रायव्हरला अजून एक चक्कर मारायला सांगता का?"

"मग?"

"मग काय? ती आत जाऊन विचारून आली बिचारी. नाही म्हणाले."

जावई हसत सुटला. पट्ट्यावरून बिनझाकणाच्या तीन बाटल्या घरंगळत खाली आल्या, तिथला मॅनेजर हातवारे करत धावला, आणि हा यंत्रात हात तसाच अडकवून फोनवर विचारत राहिला, "आणि आई, आता कुठे आहेत ते?"

"किनाऱ्यावर बसलाय," सासूबाई म्हणाल्या. "वर बघत."